पट्टीवर सव्वातीन फूट

१४ मे १९९४, शनिवार. सकाळी साडेदहा ते बारा. पट्टीवर पाणी सव्वातीन फूट. हजर: मी, मंगल, बापू, आई (पुलावर, छत्री घेऊन). गैरहजर: सुमन आत्या.

दहावीची परीक्षा संपल्यावर गणिताच्या वहीची जी पानं कोरी उरली होती, त्यांतल्या एकावर ही नोंद आहे. वही अजून माझ्या कपाटात आहे. मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, औषधं, कुणाकडे आहेर पोचवायचा राहिला, गॅसचा नंबर कधी लावला, सगळं लिहून ठेवते आणि काम झालं की पुढच्या चौकटीत बरोबरची खूण करते. घरात यावरून चेष्टा होते, आणि काही अडलं की तेच लोक माझी वही शोधत फिरतात. माझ्या बहुतेक याद्या पुऱ्या होतात. ही एक नोंद मात्र तीस वर्षं तशीच आहे.

परवा पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे ठरलेल्या दिवसांचं पाणी, सुटल्याच्या. अहमदनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून मला त्या बातमीचं खरं तर काही काम नाही. माझं पाणी टाकीतून येतं. पण ‘आवर्तन’ हा शब्द वाचला की आधी नाकाला वास येतो. महिनाभर कोरड्या पडलेल्या पाटाच्या तळाशी वाळलेलं गवत, शिंपले, फुटकी चप्पल, उसाचं पाचट असं सगळं साठलेलं असतं. वरून पाणी सुटलं की त्याचं पहिलं तोंड पाणी नसतंच. ती चहाच्या रंगाची, फेसाळ, कचऱ्याची गुंडाळी असते. माणसाच्या चालीनं येते. तिच्या पुढं पुढं बगळे चालतात, उघड्यावर आलेले किडे टिपत. आणि वास येतो तो तापलेल्या मातीचा, कुजक्या गवताचा आणि थोडा लोखंडाचा. तो वास आला की आई वाळत घातलेल्या कुरडया तशाच टाकून पाटावर यायची. म्हणायची, “आलं गं बाई.” जसं काही पाहुणे आले.

बापू पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीनं शेतांना सोडणारा माणूस. बेलापूरच्या पुढं, पाटाच्या अगदी काठाला त्यांची चौकी होती: दोन खोल्या, एक लिंब आणि पाटावरचा अरुंद पूल. आम्ही तिथं नवे होतो. त्याआधी आठ वर्षं बापू वर, पाट जिथं सुरू होतो त्या दरवाजांजवळच्या चौकीत होते. बदली होऊन खाली आलो ते हिवाळ्यात. त्यामुळं हा पाट भर उन्हाळ्यात कसा वागतो, ते आम्हा सगळ्यांनाच पहिल्यांदा बघायचं होतं.

माझ्या आजोबांच्या लहानपणी त्यांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळ धरायची. त्यांच्या मुलाच्या कमरेला आता चाऱ्यांच्या, म्हणजे पाटाच्या फाट्यांच्या, दारांच्या किल्ल्या होत्या आणि पाळीची यादी त्याच्या खिशात होती. आजोबा चौकीत राहायला आले की पुलावर बसून बापूंना दार उघडताना बघत राहायचे. बापूही त्या वेळी टोपी सरळ करायचे. मला यादीचं वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, तर मी त्या खिशातल्या कागदाकडे बोट दाखवीन.

चौकीच्या खाली पंचवीस-तीस पावलांवर पाटाला कंबरभर उतार दिलेला होता. कागदोपत्री त्याला ‘फॉल’ म्हणत, आम्ही ‘उडी’ म्हणायचो. दगडी उतारावरून पाणी घसरत खाली यायचं आणि पायथ्याशी पुन्हा वर उसळायचं. तिथं एक लाट उभी राहायची. समुद्राची लाट येते आणि जाते, असं म्हणतात. ही जायची नाही. पाणी तिच्यातून धावत पुढं निघून जायचं आणि लाट मात्र जागच्या जागी, पाठ उंचावलेल्या म्हशीसारखी. तिच्या वरच्या अंगाला, काठालगत, पांढरी पट्टी रोवलेली होती, काळ्या आकड्यांची. सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्यावर पाणी किती हे बघून वहीत लिहायचं काम बापूंनी मला दिलं होतं. त्यांच्या रजिस्टरसाठी. मी माझ्यासाठीही उतरवून घ्यायचे.

त्या आवर्तनाच्या चौथ्या दिवशी सुमन आत्या आली.

आत्या म्हणजे बापूंची सगळ्यांत धाकटी बहीण. वय तेवीस, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. डी.एड. झालेली. शेवगावच्या पलीकडच्या एका गावात तिला शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. घरातली पहिली सरकारी ऑर्डर हातात घेऊन आलेली बाई. आईनं ओवाळलं, बापूंनी ऑर्डर दोनदा वाचली, आजोबांनी ती वाचता येत नसताना हातात धरली. आत्या हसत होती. पण मी तिच्या शेजारी झोपायचे. कूस बदलत ती पुटपुटायची ते मला ऐकू यायचं. “बालमित्रांनो.” मग थांबायची. पुन्हा, “बालमित्रांनो.”

एकदा भाकऱ्या थापता थापता तिनंच सांगितलं. शेवटच्या पाठाच्या परीक्षेत ती फळ्यापुढं उभी राहिली. समोर चाळीस मुलं, मागं दोन तपासणीस. तिचे गुडघे असे लटपटायला लागले की साडीच्या निऱ्या हलताना पहिल्या बाकावरच्या मुलीला दिसल्या. ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. आत्यानं टेबलाला धरून पाठ कसाबसा पुरा केला. पास झाली.

“पास झालीस ना? मग झालं,” आई म्हणाली.

“वहिनी, तिथं टेबल होतं. प्रत्येक शाळेत टेबल असतंच असं न्हाई.”

आम्ही हसलो. ती हसली नाही.

आणि मग भोपळा आला. दुधी भोपळा, चांगला हातभर, कुणाच्या तरी मळ्यातून पाटात पडलेला. उडीवरून तो धपकन खाली गेला, वर आला आणि लाटेच्या पुढच्या उतारावर अडकला. नुसता अडकला नाही, नाचायला लागला. डावीकडे सरकायचा, उजवीकडे सरकायचा, गिरकी घ्यायचा. पुढं मात्र जायचा नाही. मी पट्टी वाचायला गेले होते. आत्या धुणं आपटायचं सोडून बघत उभी राहिली. बराच वेळ.

“सगळं पाणी पळतंय आणि हा बघ. एका जागी उभाय.”

“अडकलाय.”

“अडकला न्हाई गं. टेकलाय.” आणि थोड्या वेळानं, “भोपळ्याला जमतं, तर मला का जमू नये?”

चौकीच्या मागं दरवाजाच्या जुन्या लाकडी फळ्या पडलेल्या होत्या. लोखंडी दारं बसवल्यावर काढून टाकलेल्या. बापूंची परवानगी काढायला दोन दिवस गेले. बापू पाण्याला घाबरत नसत, पण पाण्याच्या बाबतीत चेष्टा चालवून घेत नसत. आधी ते स्वतः कमरेला दोर बांधून उडीच्या खाली उतरले, पायानं तळ चाचपला, कुठं खळगा आहे ते बघितलं. मग त्यांनी नियम सांगितले आणि मी लिहून घेतले. पोहता येईल तिनंच उतरायचं. कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब. काठावर दुसरं माणूस हवं. खाली वीस पावलांवर पाटावर आडवा दोर. पट्टीवर साडेचारच्या वर पाणी असेल तर कुणीही जायचं नाही. ट्यूब मंगलच्या घरून आली. मंगल माझ्या वर्गातली. पाटाच्या खालच्या अंगाला तिच्या वडिलांचा ऊस होता आणि ती माशासारखी पोहायची.

फळीला पुढं भोक पाडलं, त्यातून दोर ओवला आणि दोराचं दुसरं टोक पुलाच्या कठड्याला बांधलं. फळीवर पालथं पडायचं, दोर धरायचा, आणि लाटेवर पोचलं की दोर सैल सोडायचा. लाट धरून ठेवते. अंगाखालून पाणी सुसाट पळतं, कानात नुसता घोंघाट, तोंडावर तुषार, आणि आपण काठावरच्या लिंबाच्या समोरून हलतच नाही. पळायचं आणि पोचायचं कुठंच नाही, असलं सुख मला त्याआधी माहीत नव्हतं.

दोन-तीन दिवसांत आम्ही तिघी पालथ्या पडून लाटेवर टिकायला लागलो. मग गुडघ्यांवर. आत्यानं तेव्हाच जाहीर केलं की ती उभी राहणार. दोर न धरता. आणि दहा मोजेपर्यंत.

“दहाच का?” मंगलनं विचारलं.

“चार म्हणजे पडायच्या आधी वेळ मिळाला, बास. दहा म्हणजे उभं राहिले. इथं राहिले की तिथं राहीन.”

तिथं म्हणजे कुठं, ते मंगलला कळलं नाही. मला कळलं. त्या दिवसापासून मोजायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ऑफिसची सहल मी एका वॉटर पार्कला नेली होती. माणसं बेचाळीस, गाड्या दोन, यादी अर्थातच माझी. तिथं एका बाजूला, पायऱ्या चढून गेल्यावर, रबराचा निळा उतार होता. खालून यंत्र जोरात पाणी फेकत होतं आणि त्या पाण्यावर मुलं फळ्या घेऊन उभी राहत होती, एका जागी, हात पसरून. शिट्टी वाजवणारा माणूस होता. मऊ गादी होती, पडलं तरी लागू नये म्हणून. आणि भिंतीवर वेळापत्रक लावलेलं: लाट किती वाजता सुरू, किती वाजता बंद. मी बेचाळीस माणसांच्या चपला राखायच्या सोडून तिथं खिळून राहिले. पाण्याला क्लोरीनचा वास होता. म्हशी नव्हत्या, पाचट नव्हतं. पण त्या मुलांचे गुडघे, उभं राहण्याआधीचे ते अर्धवट वाकलेले गुडघे, मी ओळखले.

पाटाला असलं वेळापत्रक नव्हतं. म्हणून मी ते केलं.

वहीतले आकडे जुळवताना माझ्या लक्षात आलं होतं की पाणी साडेचारवर असलं की लाट दबते, नुसता गुळगुळीत फुगवटा राहतो. पावणेचारला ती मान वर काढते. वरच्या अंगाची मोठी चारी ज्या वेळी उघडायची, त्या वेळी आमच्याकडं पाणी तास-दीड तास उतरायचं. मी बापूंच्या पाळीच्या यादीवरून त्या वेळा काढल्या आणि तक्ता केला. वार, वेळ, अंदाजे पाणी. पहिल्याच दिवशी तक्ता खरा ठरला. सकाळी सव्वाअकराला लाट उभी राहणार असं मी लिहिलं होतं आणि ती राहिली. आत्यानं माझा हात धरून पुलावर फुगडी घातली.

“आमची साहेबीण हाय ही! पाण्याला हुकूम सोडती.”

पंधरा वर्षांच्या मुलीला याहून मोठं काय हवं असतं? मी पेन्सिल कानावर लावून फिरायला लागले.

दिवस असे चालले होते. सकाळी लिंबाखाली मोहोराचा बारीक सडा, पाटाच्या काठाला खंड्या, दुपारी तापलेल्या दगडांवर ओल्या ओढण्या पसरलेल्या, त्या मिनिटात वाळायच्या. आई कैरीच्या फोडी मीठ लावून आणायची आणि पुलावरनं ओरडायची, “अगं सुमन, उद्या मास्तरीण होणार तू! पोरांना काय सांगशील, मी भोपळा हुते म्हणून?” आत्या पाण्यातूनच उत्तर द्यायची, “सांगीन की! भोपळा मिळालेल्या पोरांना धीर येईल.” तिची मोजणी माझ्या वहीत आहे. दोन. तीन. तीन. चार. मंगलच्या हसण्यानं दोन. मग पाच. बुधवारी, पावणेचारच्या लाटेवर, सहा. सहाला ती हात पसरून, तोंड उघडं टाकून उभी होती. तिचे गुडघे लटपटत होते, पण ते पाण्याबरोबर लटपटत होते. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग ती पडली आणि वर येऊन म्हणाली, “पाणी अजून जरा उतरायला पाहिजे. मग ही लाट मला टाकत न्हाई.”

ती बरोबर बोलत होती. लाट कधी उत्तम होईल ते तिला पायानं कळलं होतं. मी मात्र कागद वाचत होते.

कागद म्हणजे चिठ्ठी. बुधवारीच ती पाटबंधारे ऑफिसातून चौकीवर आली होती. त्यात लिहिलं होतं की आवर्तन गुरुवारी सकाळी बंद. बापू तेव्हा घरी नव्हते. पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून भांडणं सुरू झाली होती. ते सायकल घेऊन तिकडं गेले होते आणि मुक्काम तिथंच होता. चिठ्ठी मी घेतली. तक्त्यात गुरुवारच्या पुढं लिहिलं, ‘पाणी बंद. शेवटचा दिवस.’ आणि खाली रेघ मारली.

वरच्या चौकीत आम्ही आठ वर्षं काढली होती. तिथं दरवाजा बंद केला की तासाभरात तळाचे दगड दिसायचे. बंद म्हणजे बंद, हे मी डोळ्यांनी बघत मोठी झाले होते. पाट इथवर यायला किती कोस वळणं घेतो, आणि वरून पाणी तोडल्यावर त्या सगळ्या कोसांतलं पाणी कुठून जाणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

आत्याला सोमवारी शेवगावला पंचायत समितीत हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळची एसटी धरली असती तरी चाललं असतं. ती माझ्या तक्त्यापाशी येऊन बसली.

“म्हंजी उद्या संपलं?”

“उद्या संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी कोरडा.”

“नक्की?”

“चिठ्ठी आलीय, आत्या.”

“मग शुक्रवारी सकाळच्याच गाडीनं जाते. कोरडा पाट बघत बसून काय करू? तिथं खोली तरी बघता येईल.”

गुरुवारी पाणी सव्वाचारवर होतं, लाट दबलेली. वरच्या चाऱ्या बंद झाल्यामुळं सगळं पाणी उलट आमच्याकडंच आलं होतं. हेही मला नंतर कळलं. आत्या दुपारपासून दिवस मावळेपर्यंत त्या गुळगुळीत फुगवट्यावर चढत राहिली. एक. दोन. एक. दोन. कोपर सोललं. हनुवटी फळीवर आपटली. आई म्हणाली, “पुरे गं आता.” मंगलनं मोजणी लांबवून बघितली, “तीऽऽन, चाऽऽर,” तर आत्या पाण्यातून ओरडली, “खोटं मोजू नको!” तांबडं ऊन पाटावर आडवं पडलेलं, आणि ती शेवटच्या वेळी वर आली तेव्हा ट्यूबवर डोकं टेकून बराच वेळ तशीच तरंगत राहिली. दमली असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी बेलापूरच्या स्टँडवर जायला टेम्पो येणार होता. आत्या पत्र्याची पेटी घेऊन पुलावर थांबली. खाली बघितलं.

“अजून हाय की गं पाणी.”

“दुपारपर्यंत जाईल,” मी म्हणाले. वही माझ्या हातात होती.

तिनं माझ्या गालाला हात लावला. “सहाच झाले बघ. असू दे.” आणि ती टेम्पोत पुढं बसली.

दुपारी पाणी गेलं नाही. संध्याकाळी पट्टीवर पावणेचार. मी तीन वेळा जाऊन बघितलं, जसं काही मी रागावून बघितल्यावर ते घाईनं जाणार होतं. शनिवारी सकाळी बापू परत आले. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी पाटाकडं बघितलं आणि समाधानानं म्हणाले, “आता उद्या रातच्यापर्यंत उतरंल.”

“बापू, पण चिठ्ठीत गुरुवारी बंद लिहिलंय.”

“वरनं बंद केलं म्हंजी हितं बंद हुतं व्हय? पाट म्हंजी काय नळ हाय का, पोरी? दोन-तीन दिवस तर वाहतो मागचाच साठा.” मग इकडं तिकडं बघून, “सुमी कुठं हाय?”

आईनं सांगितलं. बापूंनी माझ्या हातातला तक्ता घेतला, वाचला, घडी घातली आणि परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

साडेदहाला पट्टीवर सव्वातीन होतं. आणि ती लाट! अख्ख्या आवर्तनात आम्ही अशी लाट पाहिली नव्हती. कचरा सगळा वाहून गेलेला, पाणी नितळ, आणि उडीच्या पायथ्याशी हिरव्या काचेचा उतार उभा. आवाजसुद्धा बदललेला. घोंघाट नव्हता, नुसती एकसारखी सळसळ. मंगलनं ट्यूब आणली होती. आई छत्री घेऊन पुलावर आली. बापू खालच्या दोराशी उभे राहिले. लाटेवर जाणार नाही असं मीच म्हणाले होते. मी गेले.

मंगल मोजत होती. दहा झाले तेव्हा मला कळलंही नाही. ती तेवीसपर्यंत गेली. त्या तेवीस आकड्यांत माझ्या मनात आत्या एकदाही आली नाही, हे मला लिहूनच टाकायला पाहिजे. पायाखाली लाकूड, लाकडाखाली पाणी, समोर लिंब, पुलावर आईचा हसरा चेहरा, आणि मी उभी. इतका आनंद मला नंतर फार थोड्या वेळा झाला. मग मी पडले, वर आले, आणि सगळ्यात आधी तोंडातून निघालं, “आत्या, तेवीस!”

म्हणून त्या नोंदीत ‘गैरहजर’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

महिन्याअखेरीला तिचं कार्ड आलं. खोली मिळाली. गाव कोरडं आहे, हंड्यासाठी लांब जावं लागतं. सगळ्यांना जय भीम. शेवटी कडेला आडव्या ओळीत माझ्यासाठी: ‘पाट त्या दिवशी दुपारी आटला का गं? मी थांबले नाही हे बरंच केलं ना?’

बापू म्हणाले, “लिही तिला, काय झालं ते.” मी लिहायला बसले. तिकडं उन्हात खोलीत एकटी बसलेली आत्या डोळ्यांपुढं आली. तिला आता सांगून काय मिळणार, असं वाटलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. साहेबीण चुकली हे मला लिहवेना, आणि साहेबीण तेवीसपर्यंत उभी राहिली हे तर मुळीच लिहवेना. मी लिहिलं, ‘हो. दुपारीच आटला.’

हे एवढंच. कुणाचं नुकसान झालं असं कुणी म्हणणार नाही. आत्या शिक्षिका झाली, चांगली झाली, आता मुख्याध्यापिका आहे. पण पुढच्या दिवाळीत आली तेव्हा करंज्या भरताना तिनं हसत हसत सांगितलं की जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिला आठवडा ती खुर्चीवरून उठलीच नाही. बसूनच शिकवलं. सातव्या दिवशी एका मुलीनं विचारलं, “बाई, तुमचे पाय दुखतात का? आमची आई तेल लावून देईल.” तेव्हा ती उठली. “त्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून उठले, न्हाईतर अजून बसले असते!” सगळे हसले. मी सारणाचा चमचा तसाच हातात धरून बसले होते. ते सहा दिवस माझ्या तक्त्यातले होते.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर कितीदा तरी. तिच्या लग्नात, माझ्या बाळंतपणात ती सव्वा महिना राहिली तेव्हा, बापू गेले तेव्हा. बापू जायच्या आधी एकदा म्हणाले होते, “सुमीला सांगितलंस का गं ते?” त्यांना बाकी बरंचसं आठवत नव्हतं, हे आठवत होतं.

वॉटर पार्कच्या त्या निळ्या उतारापुढं उभी राहून मी आत्याला फोन लावला.

“आत्या, इथं लाट मिळते. उभी राहणारी. आपल्या उडीसारखी.”

“कुठं?”

“रबराची आहे. यंत्र पाणी सोडतं. पडलं तरी लागत नाही. आणि वेळापत्रक आहे, भिंतीवर.”

“ते तू केलंय का?”

“नाही.”

“मग येते,” ती म्हणाली आणि खळखळून हसली. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर एका बाजूला जाऊन नळाखाली तोंड धुतलं. थोड्या वेळानं तिचाच पुन्हा फोन आला. “ए, गुडघे माझे खराब आहेत. पण सहाच्या पुढं मोजायचं राहिलंय आपलं. मोजायला तूच उभी राहायचं, आणि खोटं मोजायचं न्हाई.”

उद्या ती येतेय. शाळेला सुट्टी लागली. सकाळी साडेनऊला शेवगावची गाडी स्टँडला लागते, मी नऊलाच जाऊन थांबेन. यादी केली आहे. गुडघ्याचे पट्टे, दोन जोड. कोरडे कपडे. तिच्या शुगरच्या गोळ्या आणि दोन राजगिऱ्याचे लाडू. मंगलला व्हिडिओ कॉल, ती आता काष्टीला असते, बाराच्या सुमाराला फोन जवळ ठेव असं सांगितलंय. टॉवेल. जुनी वही, आठवणीनं. पुढं सगळ्या चौकटींत खुणा झाल्या आहेत.

सातव्या ओळीवर लिहिलंय: ‘पाणी रविवारपर्यंत होतं आणि मी तेवीसपर्यंत उभी राहिले, हे आत्याला सांगणे.’ आधी त्याच्यापुढं ‘लाटेनंतर’ असं लिहिलं होतं. तिचे पाय लटपटू नयेत म्हणून. मग ते खोडलं, कारण मी सांगायच्या आधी तिनं दहा केले तर मी पुन्हा गप्प बसेन, हे मला माहीत आहे. आता तिथं ‘लाटेआधी, पायऱ्यांवर’ असं लिहिलंय.

बाकी तयारी झाली आहे. सातवं राहिलंय.